सफरचंद, तपमापक आणि घड्याळ

आज एक कोडे घालतो. लडाखमधील एखाद्या घरामागच्या बागेत सफरचंदाचे झाड आहे. फळ टपोरे, लालबुंद. पण त्याच्या अंगावर एक भोक आहे आणि भोकाच्या तोंडाशी तपकिरी भुसा साचला आहे. फळ कापून पाहिले तर भोकापासून थेट गाभ्यापर्यंत बोगदा गेलेला, बिया कुरतडलेल्या, आणि अळीचा मात्र पत्ता नाही! ती गेली कोठे? आणि मुळात आत शिरली केव्हा?

फळ पिकले, त्याला गोडी आली आणि त्या वासाने अळी आत शिरली, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते बरोबर नाही. अळी आत शिरली तेव्हा फळ जेमतेम सुपारीएवढे होते आणि तिने पाडलेले छिद्र इतके बारीक होते की ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आपल्याला दिसते ते मोठे भोक आत शिरण्याचे नसून बाहेर पडण्याचे आहे. तीन-चार आठवडे आत राहून, पोटभर खाऊन अळी केव्हाच निघून गेली. आता त्या झाडावर कितीही औषध मारले तरी ते वरातीमागून घोडे!

तेव्हा खरा प्रश्न ‘कोणते औषध मारायचे’ हा नसून ‘कधी’ हा आहे. आणि या ‘कधी’चे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मिळत नाही. ते तपमापकात मिळते. म्हणूनच पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्यालाही या विषयात गोडी वाटते.

सफरचंद हे थंड हवेचे झाड. हिवाळ्यात शेकडो तास ७ अंश सेल्सिअसखालची थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या बहुतेक जातींना नीट फुलोरा येत नाही. म्हणून भारतात त्याच्या बागा मुख्यतः काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथे आहेत. कमी थंडीत येणाऱ्या काही जाती अलीकडे निघाल्या आहेत आणि महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी त्या लावून पाहिल्या आहेत. परंतु झाड दारात नसले तरी त्याच्या रक्षणामागचे शास्त्र आपल्या आंब्याला आणि द्राक्षालाही लागू पडते, हे पुढे दिसेलच.

चोराची ओळख

आपल्या कोड्यातील अळी कॉडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची. शास्त्रीय नाव सायडिया पोमोनेला. सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा हा करड्या रंगाचा पतंग. पंखांच्या टोकांशी तांब्यासारखी चमक असलेला डाग, एवढीच त्याची खूण. जगातील बहुतेक सफरचंद-प्रदेशांत तो पसरला आहे. भारतात त्याचे ठाणे लडाखमध्ये आहे. तेथून तो काश्मीर खोऱ्यात उतरू नये म्हणून लडाखमधील ताजी सफरचंदे आणि जर्दाळू बाहेर नेण्यावर दीर्घकाळ बंदी होती.

हिवाळ्यात पूर्ण वाढलेली अळी खोडाच्या सालीखाली रेशमी कोशात दडून बसते. वसंतात तिचा पतंग होतो. झाडाला फुले येण्याच्या सुमारास पतंग उडू लागतात. संध्याकाळी, हवेचे तपमान सुमारे १६ अंशांच्या वर असेल तरच त्यांचे मीलन होते. मग मादी पानांवर आणि कोवळ्या फळांवर एकेक सुटे अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तास इकडेतिकडे फिरते आणि फळात शिरते. एकदा ती आत गेली की तिला कोणी हात लावू शकत नाही.

म्हणजे तिच्या साऱ्या आयुष्यात ती उघड्यावर सापडते ते एवढेच काही तास. नेम धरायचा तो या वेळेवर.

विषाचा मार्ग

पूर्वी एवढा नेम धरण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. फुले गळाली की फवारणी सुरू करायची आणि ठराविक दिवसांनी ती करत राहायची, असा शिरस्ता होता. अमेरिकेत १८९२ साली जंगलातील एका पतंगाविरुद्ध लेड आर्सेनेट हे शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग वापरण्यात आले. थोड्याच वर्षांत ते सफरचंदाच्या बागांतील मुख्य औषध बनले. प्रारंभी गुण उत्तम आला. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस असे दिसून आले की काही भागांतील अळ्या या विषाला दाद देत नाहीत. विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या प्रत्येक फवारणीत वाचत होत्या आणि त्यांचीच प्रजा वाढत होती. मग फवारण्यांची संख्या वाढवण्यात आली, आणि विषही तितकेच वाढले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. त्याने अळ्या मेल्या, पण तांबड्या कोळ्यांना खाऊन टाकणारे उपयोगी कीटकही मेले. त्यामुळे पूर्वी किरकोळ समजला जाणारा तांबडा कोळी सफरचंदाच्या बागांत बेसुमार वाढला. एक शत्रू मारताना दुसरा उभा करण्याचा हा प्रकार झाला. पुढे अळ्यांनी डीडीटीलाही दाद देईनासे केले.

आणि आर्सेनिकचे काय झाले? डीडीटीसारख्या सेंद्रिय संयुगाचे, कितीही सावकाश का होईना, विघटन होते. आर्सेनिक आणि शिसे ही मूलद्रव्ये आहेत. मूलद्रव्याचे विघटन होऊन ते नाहीसे कसे होणार? ते मातीच्या वरच्या थरात तसेच राहिले. अमेरिकेत लेड आर्सेनेटच्या वापरावर १९८८ मध्ये पूर्ण बंदी आली. पण जुन्या बागांच्या जागी पुढे घरे झाली, शाळा झाल्या, आणि तेथील मातीत हे विष आजही सापडते. आजोबांनी मारलेले औषध नातवाच्या खेळाच्या मैदानात निघते. म्हणून प्रश्न केवळ एका फळाचा नाही.

उबेचे घड्याळ

आता तपमापकाकडे वळू. माणसाच्या शरीराचे तपमान बाहेर थंडी असो वा ऊन, साधारण ३७ अंशच राहते. कीटकाचे तसे नाही. त्याचे शरीर हवेइतकेच गरम किंवा थंड असते, आणि शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग तपमानावर अवलंबून असतो. हवा उबदार असेल तर अंड्यातील जीव झपाट्याने वाढतो, थंड असेल तर हळू. एका ठराविक तपमानाखाली वाढ जवळजवळ थांबते. कॉडलिंग मॉथसाठी ही मर्यादा १० अंश सेल्सिअस धरतात.

जीवांच्या वाढीचा हिशोब दिवसांत न करता उबेत करावा, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ साली मांडली. तपमापकाच्या ८० अंशांच्या मापनश्रेणीशी ज्याचे नाव जोडले गेले तोच हा रेओम्यूर. कीटकांवरही त्याने अनेक खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला.

ही उब मोजण्याचे एकक म्हणजे ‘अंश-दिवस’. ते काढण्याची सोपी रीत अशी: दिवसाचे कमाल आणि किमान तपमान घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तीतून १० वजा करा. समजा, कमाल २४ आणि किमान १० आहे. सरासरी १७. त्यातून १० वजा केले की ७ उरतात. त्या दिवशी ७ अंश-दिवस जमा झाले. दुसऱ्या दिवशीचे असेच काढून त्यात मिळवायचे.

बागेत पतंग नियमित दिसू लागले की त्या दिवशी शून्यापासून मोजणी सुरू करतात. बेरीज सुमारे १४० अंश-दिवसांवर पोहोचली की अंडी फुटू लागतात. आता गंमत पाहा. एखाद्या वर्षी वसंत थंड असून रोज सरासरी ७ अंश-दिवस मिळाले, तर १४० व्हायला २० दिवस लागतील. दुसऱ्या वर्षी हवा उबदार असून रोज १० मिळाले, तर १४ दिवसच लागतील. दिनदर्शिका पाहून विसाव्या दिवशी औषध मारणारा माणूस पहिल्या वर्षी यशस्वी होईल आणि दुसऱ्या वर्षी सहा दिवस उशिरा पोहोचेल. औषध तेच, हात तोच, फळे मात्र किडकी. मग तो म्हणेल, “औषधात दम नाही, दुप्पट मारा!”

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. किमान तपमान १० च्या खाली गेले तर वरची सोपी रीत चुकते. कमाल २०, किमान २ असेल तर सरासरी ११ आणि उत्तर येते १ अंश-दिवस. पण दुपारचे कित्येक तास तपमान १० च्या बरेच वर होते आणि त्या वेळी अळी वाढतच होती! रात्रीच्या थंडीने वाढ थांबते, पण झालेली वाढ उलटी फिरत नाही. दिवसभरातील तपमानाचा आलेख ज्या-वक्रासारखा धरून १० अंशांच्या रेषेवरील क्षेत्रफळ काढले, तर उत्तर सुमारे ३.४ येते. वरच्या टोकालाही असेच आहे: सुमारे ३१ अंशांनंतर उष्णता वाढली म्हणून वाढीचा वेग आणखी वाढत नाही. आलेखाखालचे क्षेत्रफळ कशासाठी काढायचे, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पतंगाची मिशी आणि मिलिव्होल्ट

मोजणी कोठून सुरू करायची हे कळण्यासाठी पतंग दिसले पाहिजेत, आणि ते तर अंधार पडताना उडतात. यावर उपाय मादीनेच दिला आहे. नराला बोलावण्यासाठी ती एक गंधद्रव्य हवेत सोडते. अशा द्रव्याला फेरोमोन म्हणतात. आपले शेतकरी ‘कामगंध सापळा’ म्हणतात तो याच गंधाचा.

एका मादीजवळ हे द्रव्य इतके अल्प असते की नेहमीच्या रीतीने त्याचे पृथक्करण करणे फार कठीण. न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील संशोधन केंद्रात वेंडेल रोलोफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नराची मिशीच उपकरण म्हणून वापरली. मिशीच्या दोन टोकांना विद्युतअग्रे जोडायची आणि तिच्यावर निरनिराळ्या संयुगांची वाफ सोडायची. वास ओळखीचा असेल तर मिशीत क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. तो मिलिव्होल्टमध्ये मोजता येतो. कोणत्या संयुगाने जास्त दाब येतो हे पाहत त्यांनी १९७१ साली उत्तर जाहीर केले: बारा कार्बन अणूंची साखळी असलेले एक अल्कोहोल, ज्यात आठव्या आणि दहाव्या कार्बनपाशी दुहेरी बंध आहेत.

आता हे द्रव्य कारखान्यात बनते. रबराच्या बुचाला ते लावून चिकट तळ असलेल्या सापळ्यात टांगले की नर येऊन अडकतात. पण घरच्या बागेत एक सापळा टांगून झाडाचे रक्षण झाले असे समजू नये. त्यात फक्त नर सापडतात, तेही सगळे नव्हेत. तो सापळा म्हणजे तुरुंग नसून घंटा आहे. ‘मोजणी सुरू करा’ एवढेच तो सांगतो.

भिजलेल्या पानाचे घड्याळ

हे झाले किडीचे. आता रोगाकडे वळू. सफरचंदाचा मोठा शत्रू म्हणजे स्कॅब, अर्थात खपली रोग. व्हेंच्युरिया इनइक्वॅलिस या बुरशीमुळे तो होतो. पानांवर काळपट-हिरवे मखमली डाग पडतात. फळांवर खरखरीत खपल्या धरतात, फळ वेडेवाकडे वाढते आणि तडकते. काश्मीरमध्ये १९७३ साली या रोगाची मोठी साथ आली. हिमाचल प्रदेशातील बागांना १९८३ मध्ये त्याने जबर तडाखा दिला. वर्षभराची मेहनत करून तयार झालेले फळ कोणी विकत घेईना.

ही बुरशी हिवाळा काढते ती झाडाखाली गळून पडलेल्या पानांत. वसंतात पाऊस पडला की त्या पानांतून बीजाणू उडतात आणि वाऱ्याबरोबर कोवळ्या पानांवर येऊन बसतात. पण नुसते बसून भागत नाही. पानावर पाण्याचा पातळ थर सलग काही तास राहिला, तरच बीजाणूला अंकुर फुटतो आणि तो पानाच्या कातडीत शिरतो. त्याआधी पान वाळले तर त्याचा डाव फसतो.

हा ‘काही तास’ म्हणजे नेमका किती? कॉर्नेल विद्यापीठातील डब्ल्यू. डी. मिल्स यांनी १९४४ साली त्याचे कोष्टक दिले. पुढील संशोधकांनी त्यात सुधारणा केल्या. सुधारित कोष्टकातील काही आकडे असे:

५ अंश से. – २१ तास
१० अंश से. – ११ तास
१६ ते २४ अंश से. – ६ तास
२६ अंश से. – ११ तास

येथेही दोन गोष्टी एकत्र आल्या: उब आणि ओल. शेवटचा आकडा पाहा. फार गरमी बुरशीलाही मानवत नाही, म्हणून २६ अंशांवर तिला पुन्हा जास्त वेळ लागतो.

या कोष्टकावरून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सिद्ध होते. समजा, सकाळी १० वाजता मुसळधार सर आली, पण दुपारी १ वाजता ऊन-वारा येऊन पाने खडखडीत वाळली. तपमान १८ अंश. पाने तीनच तास ओली होती. रोग लागणार नाही. दुसऱ्या दिवशी १० वाजता नुसती भुरभूर झाली, पण आभाळ भरलेलेच राहिले, वारा पडला आणि संध्याकाळी ६ पर्यंत पाने ओलीच राहिली. हे झाले आठ तास. त्या दिवशी रोग लागला! पर्जन्यमापकात पहिल्या दिवशी कितीतरी जास्त मिलिमीटर नोंदले गेले असतील, पण बुरशी मिलिमीटर मोजत नाही, तास मोजते.

पानावर डाग दिसतो तो मात्र त्यानंतर साधारण ९ ते १७ दिवसांनी. गंधकासारखे साधे बुरशीनाशक पानाच्या पृष्ठभागावरच काम करते. अंकुर कातडीखाली गेल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणजे डाग पाहून औषधाला धावणारा माणूस येथेही उशिराच पोहोचतो.

आपल्या नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांना हे सांगावे लागणार नाही. पान किती वेळ ओले राहिले यावर केवडा येणार की नाही हे ठरते, हे ते जाणतात. आज त्यांपैकी कित्येकांच्या बागेत पानाची ओल नोंदवणारी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत.

औषधाशिवायही पुष्कळ करता येते. शरद ऋतूत गळालेली पाने गोळा करून कुजवली, तर वसंतातील बीजाणूंचे कोठारच नाहीसे होते. पाने गळण्याच्या सुमारास झाडावर युरियाचे ५ टक्के द्रावण फवारतात, त्यानेही पाने लवकर कुजतात. झाडाची छाटणी करून मध्ये हवा खेळू दिली, की बाष्पीभवन जलद होऊन पाने लवकर वाळतात. दोरीवरचे कपडे दाटीने घातले तर वाळत नाहीत, सुटे घातले तर वाळतात. त्यातलाच हा प्रकार.

भोक हे कुजीचे दार

कीड आणि कूज या दोन वेगळ्या आपत्ती वाटतात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. सफरचंदाची साल मेणाच्या थराने झाकलेली असते. ती अभंग असेल तर कूज आणणाऱ्या बहुतेक बुरशींना आत वाट मिळत नाही. अळीने भोक पाडले, पक्ष्याने चोच मारली, खपलीने साल तडकली किंवा तोडताना नख लागले, की दार उघडले. मोनिलिनिया नावाची बुरशी अशाच जखमेतून शिरते. फळ तपकिरी पडते आणि त्यावर बुरशीच्या फिकट ठिपक्यांची वर्तुळाकार रांगोळी उमटते. अशी फळे वाळून झाडालाच लटकत राहतात आणि पुढच्या वर्षी रोगाचे बीज पुरवतात. म्हणून हिवाळ्यात झाडावरचे प्रत्येक वाळके फळ काढून टाकणे हे फवारणीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

फळ तोडून घरात आणले तरी घड्याळ चालूच असते. तोडलेले फळ श्वसन करते आणि तपमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ‘एक नासका आंबा आढी नासवतो’ ही म्हण सफरचंदालाही लागू आहे. पिकणारे सफरचंद एथिलीन वायू सोडते, हे इंग्लंडमधील गेन या शास्त्रज्ञाने १९३४ साली सिद्ध केले. जखमी आणि कुजणारे फळ तो जास्त सोडते. त्याने शेजारची फळे लवकर पिकतात, मऊ होतात, आणि निळ्या बुरशीचा प्रतिकार करण्याची त्यांची शक्ती कमी होते. म्हणून साठवण्याची फळे अंड्यांसारखी हाताळावीत, प्रत्येक फळ कागदात गुंडाळावे, थंड जागी ठेवावे आणि आठवड्याला एकदा तपासून डागी फळ वेगळे करावे. निळी बुरशी विषारी द्रव्य तयार करते. तेव्हा तिने कुजलेल्या फळाचा ‘चांगला’ भाग कापून खाण्याचा मोह टाळावा.

घरच्या झाडासाठी

ज्याच्या दारात एक-दोनच झाडे आहेत त्याला औषधाचा पंपही लागू नये, अशी काही साधने आहेत. फळांचा घोस विरळ करून प्रत्येक ठिकाणी एकच फळ ठेवावे. दोन फळे एकमेकांना टेकतात तेथे आत शिरणे अळीला सोपे जाते. उन्हाळ्याच्या आरंभी खोडाभोवती नालीदार पुठ्ठ्याचा पट्टा बांधावा. फळातून बाहेर पडलेल्या अळ्या सालीऐवजी त्याच्या नळ्यांत कोष करतात. मग तो पट्टा काढून जाळून टाकायचा. खाली पडलेली किडकी फळे रोज उचलावीत, कारण अळी कदाचित अजून आतच असेल.

आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फळ बोराएवढे झाले की त्याला कागदाची पिशवी घालणे. जपानमध्ये आओमोरी येथील सफरचंद बागायतदार हे काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूस आंब्याला फळमाशीपासून वाचवण्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्यांची शिफारस केली आहे. नर फळमाश्यांना गंधाने ओढून घेणारा तेथील ‘रक्षक सापळा’ही कोकणात परिचित आहे.

शेजारचे झाड

एक प्रश्न मात्र कोणालाही एकट्याने सोडवता येत नाही. तुम्ही सर्व काळजी घेतली, पण शेजाऱ्याच्या परसातील झाड दुर्लक्षित असेल, तर त्याचे पतंग कुंपण थोडेच मानणार?

कॅनडातील ओकानागन खोऱ्यात हा प्रश्न गावाने मिळून हाती घेतला. तेथे प्रयोगशाळेत कॉडलिंग मॉथ वाढवण्यात आले, कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांनी त्यांना निर्बीज करण्यात आले आणि १९९४ पासून पुढे अनेक हंगाम ते बागांत सोडण्यात आले. रानटी पतंगाची जोडी निर्बीज पतंगाशी जुळली की अंडी फुटत नाहीत. गॅमा किरणांनी पतंग स्वतः किरणोत्सारी होत नाहीत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पाळलेले पतंग ओळखता यावेत म्हणून त्यांच्या खाण्यात तांबडा रंग मिसळत. सापळ्यातील पतंग चिरडून पाहिला की रंगावरून तो घरचा की रानातला हे कळत असे.

परंतु ही योजना नुसत्या पतंगांवर चालली नाही. घराच्या बागेत सफरचंदाचे झाड असलेल्या प्रत्येकावर ते निर्मळ ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. ज्यांना ते जमत नव्हते त्यांची झाडे काढण्यात आली. आज त्या खोऱ्यात ही कीड पूर्वीच्या मानाने अगदी थोडी उरली आहे आणि तिच्यासाठी होणारी फवारणीही फार कमी झाली आहे. मोठ्या बागायतदाराचे पीक दोन झाडांच्या मालकावर अवलंबून असते, ही गोष्ट तेथील लोकांना पटली, म्हणून हे घडले.

करून पाहा

१. पाच दिवसांचे कमाल आणि किमान तपमान असे आहे: २२ व १२, २४ व १२, २६ व १४, २० व १२, २८ व १४. एकूण किती अंश-दिवस जमा झाले? पुढे रोज १० मिळाले तर १४० पूर्ण व्हायला आणखी किती दिवस लागतील? (उत्तर: ४२; सुमारे १० दिवस.)

२. एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर दोन उघड्या तांब्याच्या तारा फणीच्या दातांसारख्या एकमेकींत, पण न टेकता बसवा. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोध आणि शाळेतील गॅल्व्हानोमीटर एकसरीत जोडा. पट्टी कोरडी असताना काटा शून्यावर राहील. पाण्याचे थेंब पडले की तो हलेल. पट्टी एकदा सावलीत, एकदा पंख्याखाली आणि एकदा दाट झुडपात ठेवून ती किती वेळात वाळते ते घड्याळ लावून नोंदवा.

३. एक हिरवट केळे पिकलेल्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत बंद करा आणि दुसरे तसेच केळे दुसऱ्या पिशवीत एकटे ठेवा. रोज एकाच वेळी दोन्ही उघडून रंगातील फरक वहीत लिहा. चौथ्या दिवशी दोन्ही केळी वर्गात आणून दाखवा, आणि फरक का पडला हे समजावून सांगा.